ग्रीसची चांगली वाईन शोधायची कशी? वाईनरीच्या आधी द्राक्ष आणि गाव ओळखा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते. फ्रान्स आणि इटलीच्या वाईन तुम्ही बरीच वर्षं आवडीनं पिताय. ग्रीसच्या एका बेटावर सुट्टीला गेलात तेव्हा तावेर्नात, म्हणजे तिथल्या साध्या खाणावळीत, चंबूतून आलेली सुटी पांढरी वाईन प्यायलात, एकदा रेत्सिना, म्हणजे पाइनची राळ घातलेली वाईन, मागवलीत, दोन्ही आवडल्या नाहीत. नंतर दुकानातून ‘नाऊसा’ असं लिहिलेली लाल बाटली आणलीत. ती फिकट, विटकरी छटेची आणि तोंड आवळून टाकणारी निघाली. ती खराब झाली होती का? आणि ग्रीसमध्ये खरंच चांगली वाईन होत असेल तर ती ओळखायची कशी? चार-पाच भरवशाच्या वाईनरींची नावं द्या, असं तुम्ही म्हणताय.

नावं देते. पण नुसत्या नावांनी तुमची अडचण सुटेल असं मला वाटत नाही. रेस्टॉरंटांसाठी वाईन निवडणं हे माझं काम आहे. ग्रीक बाटल्या यादीत घ्यायला लागल्यापासून मला सारखं दिसतंय की लोकांना ती वाईन आवडत नाही, कारण तिच्याकडून त्यांनी भलतीच अपेक्षा केलेली असते. ग्रीसची उत्तम वाईन तिथल्याच द्राक्षांपासून होते, आणि त्या द्राक्षांचे स्वभाव तुमच्या ओळखीच्या कॅबर्ने किंवा शार्डोनेसारखे नाहीत. म्हणून कोणतं द्राक्ष कुठल्या गावात पिकतं आणि त्याची वाईन कशी लागायला हवी, एवढं आधी कळलं पाहिजे. मग वाईनरी निवडणं सोपं जातं.

तुमच्या नाऊसापासूनच सुरुवात करते, कारण माझ्या मते ती बाटली बहुधा ठणठणीत होती.

नाऊसा हा उत्तर ग्रीसमधला, मॅसिडोनिया प्रांतातला भाग. व्हेर्मियो डोंगराच्या उतारांवर तिथल्या बागा आहेत. ‘नाऊसा’ या नावानं वाईन विकायची तर ती शंभर टक्के क्सिनोमावरो या काळ्या द्राक्षाचीच असावी लागते. त्यामुळे लेबलवर द्राक्षाचं नाव बरेचदा नसतंच. क्सिनोमावरोच्या वाईनला रंग फारसा चढत नाही, आणि जो असतो तो लवकर विटकरी होतो. आंबटपणा मात्र भरपूर, तुरटपणा त्याहून जास्त. वासाला लाल बोरंवर्गीय फळं, उन्हात वाळवलेला टोमॅटो, ऑलिव्ह, थोडा मसाला. इटलीच्या पिएमोंतेमधली नेब्बिओलो तुम्ही प्यायला असाल तर हा नमुना तुमच्या ओळखीचा आहे. त्याच द्राक्षाच्या बारोलोचा ग्लास फिकट दिसला म्हणून तुम्ही ती खराब ठरवली नसती, कारण ती कशी असते हे तुम्हाला आधीच माहीत होतं.

खरोखर बिघडलेली लाल वाईन वेगळी कळते. तिच्यात फळाचा वास उरलेला नसतो, व्हिनेगरची किंवा ओल्या पुठ्ठ्याची झाक असते, आणि घोट गिळल्यावर तोंडात काहीच टिकत नाही. क्सिनोमावरोचा घोट लांबपर्यंत रेंगाळतो. तुम्हाला तोंड आवळल्यासारखं झालं, म्हणजे वाईन बहुधा कोवळी होती, कदाचित जास्त थंडही असेल, आणि तुम्ही ती जेवणाशिवाय प्यायलात. तुरटपणा थंडीत वाढतो. पुढच्या वेळी बाटली सोळा ते अठरा अंश तापमानाला ठेवा, प्यायच्या आधी तासभर रुंद तोंडाच्या भांड्यात ओतून ठेवा, मोठा ग्लास घ्या, आणि सोबत कोकराचं मांस, टोमॅटोत शिजवलेलं काही किंवा मुरलेलं चीज असू द्या. मांसातली प्रथिनं आणि चरबी तो तुरटपणा बऱ्यापैकी शोषून घेतात. चांगल्या बागेची नाऊसा पाच-सात वर्षांनी खुलायला लागते. दहा-पंधरा वर्षं सहज टिकणाऱ्या बाटल्याही आहेत, आणि त्या दर्जाची, त्या वयाची लाल वाईन दुसऱ्या देशातून घ्यायला गेलात तर पैसे बरेच जास्त मोजावे लागतात.

पहिली नाऊसा म्हणून थिमिओपुलोसची साधी बाटली घ्या. या वाईनरीनं फळाला पुढे आणलंय, तुरटपणा आवरता ठेवलाय. ती रुचली तर कीर-यानी, डालामारास, कारिदास यांच्याकडे जा. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला अमिन्देओ आहे. ते पठार सुमारे सहाशे मीटर उंचीवर, जमीन रेताड, जवळ तळी. द्राक्ष तेच, पण वाईन हलकी आणि जास्त सुगंधी होते. तिथे क्सिनोमावरोची रोझे (गुलाबी वाईन) आणि फेसाळ वाईनही करतात, आणि दोन्ही मला मनापासून आवडतात. लाल क्सिनोमावरोचा धसका घेतलेल्या माणसाला मी आधी अमिन्देओची रोझे देते.

आता एवढी चांगली वाईन असून ती लोकांपर्यंत का पोचली नाही, हा तुमच्या मनातला पुढचा प्रश्न असणार. विसाव्या शतकाच्या मधल्या दशकांत युद्ध, जर्मनांचा ताबा आणि त्यापाठोपाठ १९४६ ते १९४९ चं यादवी युद्ध यांनी ग्रीसची खेडी मोडून पडली. माणसं शहरांत किंवा परदेशी गेली, डोंगरउतारावरच्या बागा ओस पडल्या. उरलेली द्राक्षं बहुतेक सुट्या, स्वस्त वाईनसाठी जायची. नेमक्या त्याच सुमारास, साठ आणि सत्तरच्या दशकांत, पर्यटक लोंढ्यानं आले आणि त्यांच्या ग्लासात पडली ती ढोबळ रेत्सिना. ती चव घेऊन ते घरी गेले, आणि ग्रीक वाईन म्हणजे राळेची वाईन हे समीकरण रुजलं.

बदल आला तो कायद्यानं आणि शिकून परतलेल्या माणसांनी. १९७१ मध्ये प्रदेशनिहाय नावांचा कायदा झाला. १९८१ मध्ये ग्रीस युरोपीय समुदायात गेला. त्याच काळात बोर्दोसारख्या ठिकाणी वाईनशास्त्र शिकलेली पिढी कामाला लागली. व्हांगेलिस येरोव्हासिलिऊ हे त्यांपैकी एक. उत्तर ग्रीसच्या खाल्कीदिकीमधल्या पोर्तो कारास या बागेत ते बोर्दोचे प्राध्यापक एमिल पेनो यांच्यासोबत काम करत होते. थेस्सालोनिकीचे प्राध्यापक व्हासिलिस लोगोथेतिस यांनी जुन्या, नामशेष होऊ घातलेल्या जाती गोळा केल्या होत्या. त्यांत मालागुझिया नावाचं पश्चिम ग्रीसमधलं एक पांढरं द्राक्ष होतं. येरोव्हासिलिऊंनी ते लावून पाहिलं, त्याची वाईन केली, पुढे एपानोमी या आपल्या गावी घरच्या जमिनीवर वाढवलं. आज पीच, फुलं आणि हिरव्या पाल्याच्या वासाची मालागुझिया ग्रीसभर मिळते. एका द्राक्षाचं असं परत येणं मला फार मोलाचं वाटतं. ते वेल तेव्हा तसेच मरू दिले असते, तर आज ही चव जगात कुणालाच कळली नसती.

पांढऱ्या वाईनमध्ये पहिला मान सांतोरिनीचा, आणि त्या बेटाबद्दल थोडं सविस्तर सांगितल्याशिवाय तिथली वाईन कळायची नाही.

ख्रिस्तपूर्व १६०० च्या सुमारास झालेल्या प्रचंड ज्वालामुखी उद्रेकानं बेटाचा मधला भाग समुद्रात गेला, उरलेल्या भागावर राख आणि प्युमिस या हलक्या, सच्छिद्र ज्वालामुखी दगडाचे थर बसले. त्या मातीत चिकणमाती जवळपास नाही. द्राक्षाच्या मुळांवर जगणारी फायलोक्सेरा ही कीड एकोणिसाव्या शतकात युरोपभर पसरली, पण अशा मातीत ती जगत नाही. त्यामुळे बाकी युरोपात अमेरिकन खुंटावर कलम करावं लागतं, तसं इथे करावं लागत नाही. वेल स्वतःच्या मुळांवर उभे आहेत. उभे म्हणजे खरं तर बसलेले. उन्हाळ्यात वारा इतका जोराचा असतो की मांडवावर किंवा तारेवर वेल टिकणार नाही. म्हणून शेतकरी दरवर्षी छाटणी करताना काड्या गोल गुंफत जमिनीलगत परडी करतात आणि घड त्या परडीच्या आत वाढतात, वाऱ्यापासून आणि वाळूपासून सुरक्षित. उन्हाळ्यात पाऊस जवळजवळ नसतोच. रात्री समुद्रावरून येणारं दमट धुकं आणि ती ओल धरून ठेवणारा प्युमिस यांवर वेल तग धरतो. परडी फार जुनी होऊन उत्पन्न घटलं की ती कापतात, आणि त्याच जुन्या मुळातून नवा वेल वाढवतात. त्यामुळे काही मुळांचं वय शतकांत मोजावं लागतं.

इथलं मुख्य द्राक्ष आसिर्तिको. त्याचं वैशिष्ट्य असं की कडक उन्हात पूर्ण पिकूनही त्याचा आंबटपणा उतरत नाही. गरम प्रदेशातल्या बहुतेक पांढऱ्या द्राक्षांचं तसं नसतं. साखर चढली की आंबटपणा जातो, आणि वाईन जड आणि बोथट होते. आसिर्तिकोत साडेतेरा-चौदा टक्के अल्कोहोल आणि धारदार आंबटपणा एकत्र नांदतात. चव लिंबाची, मिठाची, थोडी धुराची. फळांचा गोडसर वास शोधाल तर निराश व्हाल. कोवळी असताना ती गप्पच असते. दोन-तीन वर्षांनी बोलायला लागते, पुढे मध आणि मेणाची झाक येते. तिला बर्फगार पाजू नका. फ्रीजमधून काढून वीस मिनिटं बाहेर ठेवा, दहा-बारा अंशाला आली की चव मोकळी होते. सोबत निखाऱ्यावर भाजलेला ऑक्टोपस, मासा किंवा नुसतं फेटा चीज असलं तरी पुरे.

सिगालास, हत्झिडाकिस, गाया हे इथले विश्वासाचे उत्पादक. सांतो ही बेटावरची सहकारी संस्था, तिची साधी बाटलीही नेटकी असते. लेबलवर ‘निक्तेरी’ दिसलं तर ती जास्त पिकलेल्या द्राक्षांची, पिंपात मुरवलेली, भारदस्त शैली आहे. ती पहिल्यांदाच घेऊ नका. एक अडचण आहे: सांतोरिनी आता महाग झालीय. पर्यटनासाठी बांधकामं वाढली, बागा घटल्या, सततच्या दुष्काळानं उत्पन्न आणखी खाली गेलं, आणि द्राक्षांचा भाव गेल्या दीड दशकात कित्येक पटींनी चढला. बजेट आवळलेलं असेल तर मुख्य भूमीवरची किंवा क्रीटची आसिर्तिको घ्या. तिच्यात ते मीठ आणि धूर तितके नसतात, फळ जास्त असतं, पण द्राक्षाची धार कळते.

बाकीच्यांची ओळख मी भराभर करून देते. दक्षिण ग्रीसच्या पेलोपोनीस द्वीपकल्पातली नेमेआ ही आगिओर्गितिको या द्राक्षाची लाल वाईन. गडद, मऊ, चेरीच्या चवीची, आणि क्सिनोमावरोच्या अगदी उलट स्वभावाची. तुरटपणा नको असेल तर लाल वाईनची सुरुवात इथून करा. स्कूरास किंवा गाया चालतील. मात्र नेमेआत दर्जाची तफावत मोठी आहे. दरीतल्या सपाट जमिनीवरचं भरमसाट पीक आणि वर उतारावरच्या बागांचं मोजकं पीक, दोन्ही एकाच नावानं विकली जातात. म्हणून इथे उत्पादक पाहूनच घ्या. तिथून दक्षिणेला मांतिनियाच्या उंच पठारावर मोस्कोफिलेरो पिकतं. फिकट गुलाबी सालीचं द्राक्ष, गुलाबाच्या वासाची हलकी पांढरी वाईन, अल्कोहोल कमी. त्सेलेपोसची शोधा. केफालोनियाची रोबोला चुनखडीच्या उतारांवरची, सरळ आणि स्वच्छ. क्रीटमध्ये पांढऱ्यात व्हिदियानो आणि लालमध्ये लियातिको. लिराराकिस या घरानं तिथल्या दाफ्नी आणि प्लितो या विस्मरणात गेलेल्या जाती पुन्हा बाटलीत आणल्या. आणि अथेन्सच्या आसपासची साव्हातियानो, जिला ग्रीक लोकसुद्धा कमी लेखत आले, ती जुन्या कोरडवाहू वेलींची असेल तर किमतीच्या मानानं फार समाधान देते. पापायान्नाकोसची एकदा पिऊन पाहा.

हेच साव्हातियानो बहुतेक रेत्सिनांचा पाया असतं, म्हणून इथेच रेत्सिनाबद्दलही बोलते. प्राचीन काळी वाईनचे मातीचे कुंभ राळेनं लिंपत, त्या चवीतून ही शैली आली. आज पाइनची राळ आंबताना रसात घालतात आणि नंतर काढून टाकतात. वाईट रेत्सिनात मुळातली निकृष्ट वाईन राळेआड लपवलेली असते. चांगलीत राळ फक्त वासाला असते, रोझमेरीसारखी. तेत्रामिथोस आणि केखरिस यांनी त्या प्रकारच्या रेत्सिना केल्यात. तळलेले छोटे मासे आणि लसणाची घट्ट चटणी समोर असताना दुसरी कुठलीही वाईन इतकी शोभत नाही असं माझं ठाम मत आहे. तुम्ही तिला कायमची काट मारू नये.

आता लेबल वाचण्याबद्दल. युरोपच्या नियमांप्रमाणे ग्रीसमध्ये दोन स्तर दिसतील, संरक्षित मूळनावाचा आणि संरक्षित भौगोलिक निर्देशाचा. पहिल्यात नियम कडक, दुसऱ्यात सैल. यावरून पहिला वरचा आणि दुसरा खालचा असा निष्कर्ष बरेच जण काढतात, तो ग्रीसबाबत टिकत नाही. मूळनावांची चौकट सत्तरच्या दशकात आखली गेली. मालागुझिया तेव्हा कुणाच्या गणतीतही नव्हती. त्यामुळे येरोव्हासिलिऊंची एपानोमीची मालागुझिया आजही दुसऱ्याच स्तरात येते. मूळनाव तुम्हाला वाईनमध्ये कोणतं द्राक्ष आहे आणि ती साधारण कशी लागेल हे सांगतं. दर्जाची हमी उत्पादकाकडूनच घ्यावी लागते.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर ठरतील. आंबटपणा तुम्हाला सोसतो का, हे पहिलं. सोसत नसेल तर सांतोरिनी आणि नाऊसा दोन्ही कितीही नावाजलेल्या असल्या तरी तुमच्यासाठी नाहीत, नेमेआ आणि मालागुझिया आहेत. दुसरं, तुम्ही कुठे घेताय. ग्रीसबाहेर मिळणारी निवड आयातदाराची असते, आणि संथ खपणारी बाटली फळीवर उन्हात पडून राहण्याचा धोका असतो. मोस्कोफिलेरो, मालागुझिया आणि साधी रोझे शक्यतो ताज्या हंगामाच्या घ्या, फार तर दोन वर्षांच्या. नाऊसाबाबत उलट आहे. दुकानदाराला जुनी बाटली खपत नाही म्हणून तो ती स्वस्तात देत असेल आणि ती थंड, अंधाऱ्या जागी ठेवलेली असेल तर खुशाल उचला. तिसरं म्हणजे तावेर्नातली सुटी वाईन. ती किलोच्या मापानं मागवतात, अर्धा किलो, एक किलो. ती कुणाच्या तरी घरच्या बागेची, सुरेखही असू शकते, किंवा अगदीच सुमार. आधी एक ग्लास चाखायला मागा. रुचली नाही तर बाटल्यांची यादी आणायला सांगा. त्यात कुणालाही अपमान वाटत नाही.

विकत घेताना मी स्वतः असं करते: एका प्रदेशाच्या दोन उत्पादकांच्या बाटल्या घेते आणि एकाच जेवणाला शेजारी शेजारी उघडते. दोन्हींत जे सारखं लागतं ते गावाचं आणि द्राक्षाचं, जे वेगळं लागतं ते करणाऱ्याचं. पाच देशांच्या पाच बाटल्या पिऊन जे कळत नाही ते या दोन बाटल्यांत कळतं. तुम्ही चार मित्र मिळून हे केलंत तर खर्चही वाटला जाईल. पहिल्या जोडीसाठी मी सांतोरिनी सुचवेन, दुसरीसाठी अमिन्देओची रोझे आणि नाऊसाची लाल. त्या दोघींत द्राक्ष एकच, म्हणून ही जोडी विशेष शिकवते. शेवटी गोड हवं असेल तर सामोस बेटाची मस्कॅट घ्या. तिथल्या सहकारी संस्थेची स्थापना १९३४ ची. त्यांच्या उन्हात सुकवलेल्या द्राक्षांच्या, पिंपात मुरलेल्या वाईनला जर्दाळू, मध आणि संत्र्याच्या सालीची चव असते, आणि एवढ्या कष्टांच्या मानानं तिची किंमत अजूनही माफक आहे. सांतोरिनीची व्हिनसांतोही तशीच सुकवलेल्या द्राक्षांची, अधिक गडद आणि आंबटपणामुळे कमी चिकट. पण ती दुर्मीळ आणि महाग.

पुन्हा ग्रीसला जायचा विचार असेल तर या वेळी बेट सोडून उत्तरेकडे जा. थेस्सालोनिकीपासून नाऊसा साधारण नव्वद किलोमीटर, डोंगर ओलांडला की अमिन्देओ, आणि एपानोमी तर शहराच्या दक्षिणेला जवळच. वेळ कमी असेल आणि अथेन्समध्येच उतरणार असाल तर नेमेआ एका दिवसात होते. प्राचीन झ्यूस मंदिराच्या खांबांच्या आसपासच बागा आहेत. छोट्या वाईनरींना आधी कळवून वेळ ठरवा, कारण बागेत काम करणारा आणि तुम्हाला वाईन ओतून देणारा माणूस बहुतेक ठिकाणी एकच असतो. क्सिनोमावरो उशिरा पिकतं. सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत त्याची तोडणी चालते, तेव्हा नाऊसात कुणाला बोलायला उसंत नसते. मे-जूनमध्ये जा. वेल हिरवे असतात, हवा बरी असते, आणि त्यांच्याकडे तुमच्यासाठी जुन्या वर्षांच्या बाटल्या उघडायला वेळ असतो.